झीज कुणाच्या वाट्याला?

‘डीजे’ हा शब्द आपल्याकडे भलताच बदनाम झाला आहे. तो कानी पडला की मिरवणुकीतल्या ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत डोळ्यांपुढे उभी राहते. खिडक्यांची तावदाने थरथरतात, पाळण्यातले मूल दचकून उठते आणि घरातले आजोबा छातीवर हात ठेवून आतल्या खोलीत जातात. खरे म्हणजे त्या ट्रकवर बहुधा ना तबकडी असते, ना सुई. मूळचा डीजे म्हणजे तबकड्यांचा स्वार. दोन फिरत्या थाळ्यांपुढे उभे राहून, दोन्ही हातांनी रेकॉर्डी मागेपुढे फिरवत एका गाण्यातून दुसरे गाणे विणणारा हा माणूस फार निराळ्या जातीचा कारागीर आहे. त्याची ओळख करून घ्यायची असेल तर तो वाजवत असताना जाऊ नये. सकाळी घरी, सतरंजीवर बसून, तो आपले यंत्र पुसत आणि जुळवत असताना जावे. त्या वेळी त्याच्या हातात मऊ कुंचला असतो, बारीक पेचकस असतो, आणि सोनाराच्या काट्यासारखा एक लहानसा वजनकाटा असतो.

असे दृश्य माझ्या घरातच मला पुष्कळदा पाहायला मिळते, आणि ते पाहता पाहता एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. जी वस्तू वापरली की झिजते, ती जपायची कशी? न वापरून? आणि झीज जर अटळच असेल, तर ती कोणी सोसावी? हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही, हे सुज्ञ वाचकांनी ओळखले असेलच. पण आधी यंत्राकडे पाहू.

१९७२ साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने ‘टेक्निक्स’ या नावाखाली ‘एसएल-१२००’ नावाचे टर्नटेबल बाजारात आणले. ते काढले होते घरी निवांत बसून उत्तम संगीत ऐकणाऱ्या रसिकांसाठी. त्यापूर्वीच्या बहुतेक टर्नटेबलांत मोटर एका बाजूला असे आणि रबरी पट्ट्याने किंवा चाकाने ती थाळी फिरवी. या यंत्रात थाळी आणि मोटर यांच्यामध्ये कोणी मध्यस्थच ठेवला नाही. मोटर थेट थाळीलाच फिरवते. त्यामुळे हाताने अडवून सोडली तरी थाळी क्षणार्धात पुन्हा आपल्या गतीवर येते.

याच सुमारास दूर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात काही गरीब घरची पोरे तबकड्यांशी निराळाच खेळ मांडत होती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ ‘कूल हर्क’ याने आपल्या बहिणीच्या समारंभात रेकॉर्डी वाजवल्या. हिपहॉप संगीताचा जन्मदिवस म्हणून आज तो दिवस सांगतात. एकाच रेकॉर्डीच्या दोन प्रती दोन थाळ्यांवर ठेवून, गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा लांबवत नेण्याची युक्ती त्याने रुजवली. ‘ग्रँडमास्टर फ्लॅश’ याने त्यात बोटांची अचूकता आणली. थाळी फिरत राहावी पण वरची रेकॉर्ड हाताने थांबवता यावी, यासाठी त्याला दोघींच्यामध्ये निसरडे काहीतरी हवे होते. त्याची आई शिवणकाम करणारी. त्याने फेल्टच्या कापडाची गोल चकती कापली, तिला खळ घालून कडक केली आणि रेकॉर्डीखाली सारली. ‘ग्रँड विझर्ड थिओडोर’ याची कथा तर कुठल्याही घरात घडावी अशी आहे. आवाज कमी कर म्हणून आई दारात येऊन रागावली, तेव्हा त्याने वाजती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली. हात नकळत मागेपुढे झाला आणि जो खरखरीत आवाज उमटला त्यातून ‘स्क्रॅच’ नावाची नवी वाद्यकला जन्मली. १९७९ साली या टर्नटेबलची सुधारलेली आवृत्ती निघाली. ती जगभरच्या डीजेंनी आपलीशी केली. २०१० मध्ये कारखान्याने हे यंत्र थांबवले, आणि लोक मागतच राहिले म्हणून २०१६ मध्ये पुन्हा सुरू केले.

माझ्या पुतण्याने पहिल्या नोकरीच्या पैशातून अशी दोन जुनी यंत्रे मुंबईच्या चोर बाजारातून आणली, त्या दिवशी आमच्या घरात एक तात्त्विक भांडण उभे राहिले. आमच्या वडिलांच्या रेकॉर्डी कपाटात आहेत. वडील गेल्यापासून त्यांना कोणी हात लावलेला नाही. आमच्या लहानपणी त्या घरात देवासारख्या असत. रेकॉर्ड धरायची ती कडेने, दोन तळहातांत. पृष्ठभागाला बोट लागले तर पाठीत धपाटा बसे. आणि आता घरातलाच मुलगा सगळी बोटे तबकडीवर टेकवून ती उलटी फिरवतो, हे पाहून माझे थोरले बंधू संतापले.

“आप्पांच्या रेकॉर्डींना हात लावायचा नाही, सांगून ठेवतो,” ते म्हणाले.

“नाही लावत, बाबा. पण मग त्या ठेवल्यात कुणासाठी?” पुतण्या शांतपणे म्हणाला.

दादांजवळ याला उत्तर नव्हते. माझ्याजवळही त्या वेळी नव्हते.

पुतण्या यंत्र जुळवू लागला की मी शेजारी बसू लागलो. विज्ञानाचा माझा संबंध मॅट्रिकच्या परीक्षेपाशी संपला. पण हे शास्त्र डोळ्यांना दिसणारे आहे. प्रथम तो गवंड्याची पाणसळ ठेवतो आणि यंत्राचे चारही पाय फिरवून ते सपाटीत आणतो. मग सुईच्या दांड्यामागचे गोल वजन फिरवत जातो. एक क्षण असा येतो की दांडा वरही जात नाही आणि खालीही. हवेत आडवा तरंगत राहतो. हा शून्य भार. तिथून वजन थोडे थोडे पुढे आणत सुईवर हवा तेवढा भार द्यायचा. हा भार केवढा? बहुधा दीड ते तीन ग्रॅम, त्या त्या सुईच्या निर्मात्याने सांगितला असेल तेवढा.

मी म्हणालो, “कमीत कमी ठेव ना. रेकॉर्ड तेवढी कमी झिजेल.”

तो हसला. “काका, सगळे असंच समजतात. फार हलकी सुई जास्त वाईट.”

त्याने सांगितले ते असे. रेकॉर्डीची खाच म्हणजे वळणावळणांची चिंचोळी गल्ली. सुईवर पुरेसा भार असेल तर ती दोन्ही भिंतींना धरून, प्रत्येक वळण घेत चालते. भार कमी पडला की मोठ्या वळणावर तिचा पाय सुटतो. ती उडते, पुन्हा आदळते, आणि प्रत्येक आदळण्याला भिंतीचा टवका काढते. जादा भाराने खाच झिजते हे खरे. पण अपुऱ्या भाराने ती फुटते.

वर्गात वीस वर्षे उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हे ऐकून बराच वेळ दुसरे काही सुचले नाही. आपण हळुवारपणा म्हणजे भार न देणे असे समजतो. मुलाला काही विचारायचे नाही, चुकले तर बोलायचे नाही, घरातले काम सांगायचे नाही. म्हणजे आपण त्याला जपले. असा मुलगा आयुष्याच्या पहिल्या मोठ्या वळणावर उडतो आणि ज्यांच्यावर आदळतो त्यांना जखमी करतो. उलट दुसराही एक प्रकार आहे. सुई उड्या मारू लागली की पूर्वी आपल्याकडे दांड्याच्या डोक्यावर एखादे नाणे ठेवीत. सुई झिजली आहे, की यंत्र तिरपे आहे, की खाचेत धूळ आहे, हे पाहण्याचे कष्ट कोण घेणार? ठेवा चार आणे! मूल मागे पडले की कारण न शोधता त्याच्यावर आणखी एक शिकवणी ठेवणारे आईबाप आणि आणखी पाच पाने शुद्धलेखन देणारे आम्ही मास्तर, सगळे त्या नाण्याच्याच पंथाचे. भार किती द्यायचा याचे उत्तर दयेतून येत नाही आणि धाकातूनही येत नाही. ते मापून काढावे लागते, आणि प्रत्येक सुईला निराळे मिळते.

आणखी एक कळ त्या यंत्रावर आहे. रेकॉर्ड फिरू लागली की सुईचा दांडा आपोआप आत, मध्याकडे ओढला जातो. त्यामुळे खाचेच्या दोन भिंतींपैकी आतल्या भिंतीवर अधिक दाब येतो आणि ती आधी झिजते. ही ओढ मोडण्यासाठी त्या कळीने दांड्याला बाहेरच्या बाजूला अगदी अल्पसा ताण देतात. तबकडी उलटसुलट फिरवताना अनेक डीजे ही कळ शून्यावर ठेवतात. सरळ ऐकायचे असेल तेव्हा मात्र ती लावायची. मला यात आपली कुटुंबे दिसली. आईवडिलांच्या म्हातारपणाचा भारही असाच आतल्या भिंतीवर पडतो. जो मुलगा वा मुलगी जवळ राहते, तिच्यावर दवाखाना, औषधे, रात्रीची जागरणे. जो पुण्याबाहेर, अमेरिकेत, त्याच्यावर आठवड्याचा एक फोन. यात कोणी दुष्ट असते असे नाही. यंत्र फिरत राहिले की ओढ आपोआपच तशी पडते. म्हणूनच ती आपोआप सुटत नाही. कोणीतरी जाणून कळ फिरवावी लागते.

आता झिजेचा मूळ प्रश्न. लाखेच्या जुन्या रेकॉर्डींच्या काळात, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनवर, पोलादी सुया असत. लहानशा पत्र्याच्या डबीत त्या शेकड्याने मिळत, आणि नियम असा की रेकॉर्डीची एक बाजू वाजली की सुई फेकून द्यायची. त्या रेकॉर्डींच्या लगद्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असे; ती सुईला घासून खाचेच्या आकाराची करी. म्हणजे झिजायचे कोणी, हे त्या यंत्राच्या कर्त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते: स्वस्त आणि बदलता येणाऱ्या सुईने झिजावे, गाणे वाचावे. पुढे बारीक खाचेच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डी आल्या आणि त्यांच्याबरोबर हिऱ्याची सुई आली. ती काही शे तास चालते. आणि इथेच घोटाळा झाला. पोलादी सुईची झीज सर्वांना ठाऊक होती. हिरा झिजतो हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. पण तोही झिजतो. आणि झिजून तो मऊ, गुळगुळीत होत नाही. त्याला सपाट पैलू पडतात, पैलूंना धारदार कडा येतात, आणि ती सुई मग खाच वाचण्याऐवजी खाच कोरत जाते. नवी सुई घेण्याची काटकसर करणारा गृहस्थ त्या काटकसरीची किंमत रेकॉर्डीकडून वसूल करतो. सुई दुकानात मिळते. वडिलांनी घेतलेली ती रेकॉर्ड कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पुतण्याने यंत्रे आणली तेव्हा सर्वांत आधी जुन्या सुया काढून टाकल्या. त्या महिन्यात त्याने नवा शर्ट घेतला नाही, पण दोन सुया घेतल्या. सरावासाठी तो रद्दीच्या भावात मिळालेल्या रेकॉर्डी वापरतो. घासायच्या त्या त्याच. फेल्टची चकतीही झिजते आणि तो ती बदलतो. एकूण त्याच्या निगेचे सूत्र मला असे दिसले: जे पुन्हा मिळते त्याने झिजावे, म्हणजे जे पुन्हा मिळत नाही ते टिकेल. याला मी न्याय म्हणेन. निगा हा न्यायाचाच घरगुती प्रकार आहे. कोणी किती सोसायचे हे त्यात ठरत असते.

आपल्या घरांत हे कसे ठरते? “आमची आई म्हणजे हिरा हो, हिरा!” हे वाक्य आपण किती कौतुकाने उच्चारतो! नरक चतुर्दशीला पहाटे सर्वांआधी उठून पाणी तापवणारी, सर्वांना तेल-उटणे लावून न्हाऊ घालणारी आणि स्वतः सर्वांच्या शेवटी, उरलेल्या कोमट पाण्याने अंघोळ उरकणारी ती. फराळाच्या ताटांचे फोटो जगभर जातात. चकलीच्या सोऱ्याने तिच्या मनगटाला आलेली सूज फोटोत येत नाही. तिला हिरा म्हटले की आपली जबाबदारी संपली, कारण हिरा कुठे झिजतो! मला आता या कौतुकाची भीती वाटते. जिची झीज दिसत नाही तिला आपण अक्षय मानतो, आणि मग एके दिवशी तिच्या बोलण्याला धार आली, ती उगाच करवादते, सुनेला लागेल असे बोलते, म्हणून आपणच नवल करतो. ती धार कशाची, हे यंत्र जुळवणाऱ्या पोराला विचारावे.

इथे उपमेची मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. सुई बदलता येते; माणूस बदलता येत नाही. घरातली आई ही सुई नव्हेच. ती त्या कपाटातली रेकॉर्ड आहे, जी पुन्हा मिळत नाही. आपण तिला सुईच्या जागी बसवले, हाच तर अन्याय. म्हणून तिच्या वाटची झीज, ज्याला झिजणे परवडते अशा कशावर तरी टाकली पाहिजे: आपल्या झोपेवर, आपल्या आळसावर, बाजारातून दोन पदार्थ विकत आणले तर दुखावणाऱ्या आपल्या प्रतिष्ठेवर. या वस्तू स्वस्त आहेत आणि पुन्हा पुन्हा मिळतात.

आणि हेच माप घेऊन त्या मिरवणुकीतल्या ट्रकपाशीही जावे. ध्वनिप्रदूषणाचे नियम आपल्याकडे २००० सालापासून आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत लिहिलेली आहे. पण नियम बाजूला ठेवून नुसता झिजेचा हिशेब मांडू. कानाच्या आतल्या भागात, ध्वनी टिपणाऱ्या, अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे तिथे झिजते ते पुन्हा न मिळणारे, तेही दुसऱ्याचे. आणि वाचते काय, तर आवाजाची कळ थोडी डावीकडे फिरवण्याचे कष्ट! ब्राँक्सच्या त्या घरात आई दारात येऊन रागावली तेव्हा पोराने निदान हात ठेवून रेकॉर्ड थांबवली होती.

आता कोणी म्हणेल, मग सगळे कपाटातच बरे. दादांचे मत साधारण असेच होते. पण कपाटातही झीज चुकत नाही. न वापरलेल्या यंत्राचे वंगण सुकते, रबर कडक होते, गती कमीजास्त करणारी सरकती कळ अडखळू लागते. टर्नटेबलच्या आसाला सुमारे २००० तास वाजल्यावर तेलाचे दोन-तीन थेंब द्यावेत असे निर्मात्याने सांगितले आहे. पण जे कधी वाजतच नाही त्याच्याकडे तेलाची बाटली घेऊन जाणार कोण? खंडेनवमीला आपण यंत्रांना हळदकुंकू वाहतो. भाव चांगलाच, पण कुंकवाचा एखादा कण आसात शिरला तर पूजाच नडायची! पुतण्या त्या दिवशी थाळी उचलून आतली धूळ पुसतो, तारांची टोके कापसाने साफ करतो, सुईवर मागून पुढे असा एकदाच कुंचला फिरवतो. त्याची पूजा तीच.

नुसत्या प्रेमानेही भागत नाही. प्लास्टिकच्या रेकॉर्डीवरचा हाताचा डाग स्पिरिट मिसळलेल्या द्रावणाने निघतो, म्हणून तेच कोणी मायेने लाखेच्या रेकॉर्डीवर फिरवले तर गाणेच पुसले जाईल; कारण लाख स्पिरिटात विरघळते. सुताराला विचारा, पॉलिशसाठी तो चपडा स्पिरिटातच भिजत घालतो. जपणाऱ्याने आधी समोरची वस्तू कशाची बनली आहे ते जाणून घ्यावे. मुलांच्या बाबतीतही हे खरे आहे, आणि म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर फारच.

वडिलांच्या रेकॉर्डींचे पुढे काय झाले, ही उत्सुकता वाचकांना असेल. त्यांतल्या लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी पुतण्याच्या यंत्रावर वाजतच नाहीत. त्यांना निराळी गती लागते आणि जाड टोकाची निराळी सुईही. त्या कपाटातच आहेत. लांब वाजणाऱ्या ज्या आहेत त्यांतली एखादी, पुसून, जुळवून, नव्या सुईखाली, महिन्यातून एखाद्या रविवारी लागते. तिच्यावर तो बोट टेकवत नाही. दादा खुर्ची जवळ ओढून बसतात. प्रत्येक वेळी ती किंचित झिजत असणार, हे आता त्यांनाही ठाऊक आहे.

टर्नटेबलच्या थाळीच्या कडेला ठिपक्यांच्या ओळी असतात आणि शेजारी एक लहान लाल दिवा. थाळी वेगात असते, पण गती अचूक जुळली की त्या दिव्याच्या उजेडात एक ओळ जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसते. भार नेमका, ओढ नेमकी, गती नेमकी, असे घर बाहेरून पाहणाऱ्याला असेच स्वस्थ दिसत असेल. त्या स्वस्थतेखाली कोण किती फिरते आहे आणि कोण किती झिजते आहे, हे पाहायला दिवा जवळ न्यावा लागतो. दिवाळीत तसे दिवे पुष्कळ लागतात. त्यांतला एखादा तिकडेही न्यावा.